सात सवती आणि माझे झाकण

मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि मला माफ करता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बरणीच्या पोटात एक होते आणि ओठात एक.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. साचा जरा खराब होता, त्यामुळे माझ्या बुडाशी हवेचा एक बुडबुडा राहिला आणि मी दुय्यम मालात जाऊन पडले. तिथून मला औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरकाकांनी उचलले आणि पत्र्याचे, आट्यांचे झाकण दिले. मित्रांनो, ते झाकण लक्षात ठेवा. बरणीला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड असून बोलता येत नाही. झाकण सोडायचे की आवळून धरायचे, एवढेच काय ते तिला जमते.

माझी मालकीण लाँड्रीत कामाला होती. दिवसभर हात धुण्याच्या सोड्यात आणि तोंड इस्त्रीच्या वाफेत. तिच्या गालांना भेगा पडायच्या, हसले की रक्त यायचे. शेवटी ती दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तोंडाच्या फटकळ होत्या. त्या म्हणाल्या, "हे बघा, तीनच कामं करायची. सौम्य साबणाने तोंड धुवा, पण भांडं घासल्यासारखं घासू नका. तोंड ओलसर असतानाच साधं क्रीम लावा. आणि सकाळी बाहेर पडताना उन्हापासून जपणारं क्रीम. चौथं काम कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही."

ते साधे क्रीम माझ्यात असे. कंपाउंडरकाका ते मोठ्या डब्यातून चपट्या सुरीने काढून माझ्यात भरत. त्याला ना वास, ना रंग आणि खिशाला चटकाही नाही. काकांचा नियम मात्र कडक होता. रिकामी बरणी उकळून, वाळवून आणली तरच भरणार, आणि भरली की आत काय आहे आणि कधी भरले याची चिठ्ठी पोटावर चिकटवणार. "बिनचिठ्ठीच्या बरणीवर सख्ख्या भावानेही विश्वास ठेवू नये," असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

चौदा वर्षे हा क्रम चालला. मालकीण संध्याकाळी आली की तोंड धुवायची, मऊ पंच्याने टिपायची आणि माझ्याकडे न बघताच बोट आत घालायची. वाटाण्याएवढे क्रीम पुरे होई. तिचे गाल भरून आले. लाँड्रीतल्या बायका विचारत, "काय लावतेस गं?" आणि ती म्हणे, "माझी बरणी." त्या दोन शब्दांनी मी इतकी फुगायचे की आणखी एक बुडबुडा धरेल असे वाटायचे.

मग तिची लेक मोठी झाली आणि शहरातल्या मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर लागली. तीन महिने उमेदवारी करायची, मग दुकानाच्या मोठ्या बाई येऊन चेहरे बघणार आणि एकीलाच कायम करणार. ही नोकरी लेकीला जिवापेक्षा प्यारी होती. आईचे हात सोड्यातून सुटावेत म्हणून, असे ती म्हणायची. ते खोटे नव्हते, एवढे मी शत्रू असूनही कबूल करते.

काउंटरवरून ती एकेक करून सात बाटल्या घेऊन आली. एक सोलायची, एक उजळवायची, एक रंध्रे आवळायची. बाकीच्या काय करायच्या ते त्यांचे त्यांनाही ठाऊक नसावे. मी त्यांना सात सवती म्हणत असे. फळीवर जागा पुरेना, तेव्हा लेकीने मला उचलले, माझी चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि मोरीशेजारच्या कोनाड्यात कपड्यांचे चिमटे ठेवायला मला बसवले.

"अगं, माझं क्रीम?" आईने विचारले.

"आई, ते काय मलम लावत बसतेस! माझ्यातलं लाव ना."

"नको बाई. माझं तोंड तसल्या लाडाचं नाही," असे म्हणून आई नुसत्या पाण्यावर राहू लागली. तिच्या गालांना पुन्हा भेगा पडल्या. कोनाड्यातून मला ते दिसायचे आणि मी दात खायचे. तुझा चेहरा असा उतू दे की त्या मोठ्या बाईंनी तोंड फिरवावे, असा शाप मी त्या पोरीला रोज सकाळी, रोज संध्याकाळी दिला. माझ्याकडे दुसरा उद्योगच नव्हता.

शाप लागूही लागला. सात थर चढवून लेकीच्या हनुवटीवर लाल पुरळ आले. ते झाकायला ती आणखी थापायची, मग आणखी पुरळ यायचे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. काउंटरवरची दुसरी उमेदवार गोड आवाजात विचारायची, "बरं वाटत नाही का गं तुला?" लेक घरी येऊन रडायची. मला वाईट वाटले असेल असे तुम्हाला वाटते? मुळीच नाही. मी चिमट्यांना पोटाशी धरून आनंदाने ऐकायचे.

आता या घराची एक सवय सांगते. इथे काही वाया जात नसे. आई साबणाच्या झिजलेल्या चिपा ओल्या करून एकमेकींना चिकटवायची आणि नवी वडी करायची. लेक ते बघतच वाढली होती. मोठ्या बाई यायच्या आदल्या दिवशी तिने पाहिले, तर सातही बाटल्यांत तळाशी थोडे थोडे उरले होते. तिने आईच्या चिपांसारखेच केले. मला आणून चिमटे ओतले, नळाखाली विसळले आणि सातांचे उरलेसुरले माझ्यात खरवडून काडीने ढवळले. "सगळ्याचा गुण एकत्र येईल, आज झोपताना लावीन," असे स्वतःशीच म्हणत तिने मला पुन्हा फळीवर, माझ्या जुन्या जागी ठेवले.

माझ्या पोटात ते सगळे चुरचुरत होते. काच असून मला जाणवत होते, मग गालांचे काय होईल! मी ठरवले, ती आली की झाकण असे अलगद सोडायचे की तिला जोरही लावावा लागू नये. लाव बाई, भरपूर लाव आणि उद्या जा मिरवायला.

संध्याकाळी आई कामावरून आली. लेक बाजारात गेली होती. आईने तोंड धुतले, टिपले आणि डोळे उघडले तर फळीवर मी. तिचा चेहरा एकदम फुलला. "आठवण ठेवली गं पोरीने!" ती म्हणाली. तिला वाटले, लेकीने काकांकडून मला भरून आणले.

तिने हात पुढे केला. मी होते नव्हते ते बळ लावून झाकण आवळले. मित्रांनो, खरेच आवळले. पण ढवळताना माझ्या आट्यांवर सगळीकडे क्रीम लागले होते. झाकण लोण्यासारखे फिरले. आणि ती नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघत नव्हती. आज किती दिवसांनी मिळाले, म्हणून तिने वाटाण्याएवढे नाही, चांगले बोटभर घेतले आणि भेगांवर चोळले.

ती किंचाळली ते मी विसरणार नाही. लेक आली तेव्हा आईचे गाल फुगून डोळे मिटत चालले होते. सकाळी मोठ्या बाई काउंटरवर चेहरे बघत होत्या तेव्हा लेक आईला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मांडीवर मी होते, बिनचिठ्ठीची. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काय आहे यात?" लेकीने एकेका बाटलीचे नाव सांगितले. सातवे नाव सांगून तिने मला बाईंच्या पुढ्यात ठेवले. बाई एवढेच म्हणाल्या, "तीनच कामं सांगितली होती."

नोकरी त्या गोड आवाजाच्या पोरीला मिळाली. सातही सवती कचऱ्यात गेल्या. आईचे गाल भरायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात लेकीनेही तोंडाला साबण, साधे क्रीम आणि उन्हाचे क्रीम यापलीकडे काही लावले नाही आणि तिचे पुरळ गेले. मी मागितले ते सगळे मला मिळाले. एवढा पुरेपूर सूड कोणा बरणीला मिळाला नसेल.

लेकीने मला उकळले, उन्हात वाळवले आणि काकांकडे नेले. चिठ्ठी तिने स्वतः लिहिली: 'आईचे साधे क्रीम. यात दुसरे काही घालू नये.' मी त्या पोरीला अजून माफ केलेले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, मी तर काच आहे.

म्हणून मित्रांनो, चेहऱ्याचे लाड थोडे करा, पण रोज करा. नवे काही आणलेत तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चार दिवस बघा. आणि ज्या भांड्यावर घरातले कोणी डोळे मिटून विश्वास टाकते, त्यात काय आहे ते लिहिल्याशिवाय काही भरू नका.

मालकीण पुन्हा मला वापरते. संध्याकाळी येते, तोंड धुते, टिपते. मग मला उचलून चिठ्ठी वाचते, झाकण काढते आणि नाकाशी नेऊन वास घेते. चौदा वर्षांत तिने एकदाही वास घेतला नव्हता. आता रोज घेते.