गोठ्यात पाय घसरला

"गोठ्यात पाय घसरला, असं लिवा डाक्टर," हैबतराव म्हणाला.

जाईबाई स्ट्रेचरवर पडली होती. उजव्या कोपराचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. साडीला चारीतला चिखल होता आणि केसांत काचेचे तुकडे. गोठ्यात काचा कुठल्या, हे त्या डॉक्टरला कळत नव्हतं असं नाही. पण त्यानं पेन उघडलं आणि विचारलं, "काय हो बाई, गोठ्यात पडलात?"

हैबतराव तिच्या वारलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. जीप त्याची. चालवणारा विकी त्याचाच मुलगा, आणि तो पिरंगुटच्या त्या दवाखान्याच्या दारात उभा राहून मुसमुसत होता. या विकीला जाईबाईनं कडेवर खेळवलं होतं. तासाभरापूर्वी तो एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं मोबाईल सांभाळत होता, आणि वळणावर जीप रस्ता सोडून कडेच्या चारीत कलंडली होती.

"व्हय," जाईबाई म्हणाली. "शेणावरनं घसरला."

शेण तिनं पदरचं घातलं. खोटं बोलायचंच तर नीट बोलावं, असं तिला त्या कळांमध्येही वाटलं.

भरे गावातल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती बारा वर्षं चपात्या लाटत होती. तिच्या गावाहून, कोळवणहून, त्या जीपमधून रोज सकाळी सहा बायका जायच्या. त्या दिवशी बाकीच्या पाचजणींना खरचटलं, मुका मार लागला. हैबतरावानं पोलीस यायच्या आत जीप ट्रॅक्टरला बांधून ओढून नेली आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकली. माणसं उचलायला दुसरी गाडी मागवावी लागली, कारण ट्रॅक्टर जीपच्या कामात होता.

जाईबाईच्या हातात सळई घातली. हात कोपरात अडकला तो अडकलाच. पहिल्या दिवसाचं बिल हैबतरावानं भरलं, केळ्यांची एक फणी आणली आणि खाटेजवळ बसून म्हणाला, "वैनी, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या. केस केली तर पोरगं आत जाईल. सहा महिनं दम धरा. मग मी बघतो ना सगळं."

"मी कुटं केस करतीया, भावजी?"

"तसं न्हाई, पण लोक कान भरत्यात."

कंपनीनं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. फणी घेऊन कोणी परत आलं नाही. हैबतराव रस्त्यात दिसला की लांबूनच ओरडायचा, "सहा महिनं, वैनी, सहा महिनं!"

साडेपाच महिने झाल्यावर तिची मुलगी रेश्मा तिला जवळजवळ ओढतच पौडला घेऊन गेली. तिथे कोर्टात गरिबांना फुकट सल्ला देणारी नम्रता नावाची वकीलबाई होती. तिनं कागद वाचले आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, गाडीत बसलेल्या माणसाची यात काय चूक? भरपाई हा तुमचा हक्क आहे. जीपचा विमा आहे, तो याचसाठी असतो."

"पन विकीला आत टाकतील न्हवं?"

"भरपाईचा दावा वेगळा, पोलीस केस वेगळी. दाव्यानं कोणी तुरुंगात जात नाही. त्याच्याकडे लायसन आहे?"

जाईबाईनं मान हलवली.

"नाही ना? मग विमा कंपनी आधी तुम्हाला देईल आणि नंतर जीपच्या मालकाकडून वसूल करील. म्हणून तर ही दडवादडवी चाललीय. आणि आपल्याकडे दिवस कमी आहेत. असा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावावा लागतो."

"किती?"

"सहा महिने."

जाईबाईनं मुलीकडे बघितलं. हैबतरावानं कुठल्यातरी वकिलाला पैसे मोजून हा आकडा विचारून आणला असणार. तिच्या खाटेजवळ बसून, केळं सोलून तिच्या हातात देत, तो तिला हाच आकडा शिकवत होता. ती बाहेर गेली आणि कोर्टाच्या कुंपणापाशी ओकली.

मुदत संपायच्या आत दावा लागला. साक्षीदार हवे होते. जाईबाई पाची बायकांच्या दारात गेली.

"मी डुलकीत हुते गं बाई," तुळजाबाई म्हणाली. "मला काय दिसलंच न्हाई."

अनसूयाही डुलकीत होती. तिसरीचा डोळा लागला होता. चौथीला रात्रभर झोप नव्हती म्हणून ती बेसावध. पाचवीनं दारच उघडलं नाही.

"सकाळी साडेसातला पाचीच्या पाची झोपल्या व्हत्या का गं?" रेश्मा भर आळीत ओरडली. "आनि आई एकटीच जागी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचहीजणी हैबतरावाच्या नव्या जीपमधून कामाला गेल्या. भाडं माफ. जाईबाईच्या हाताच्या बदल्यात भाडं! थुंकावं म्हटलं तर थुंकी वाया जाईल अशी ही माणसं, आणि सगळी आपलीच, भावकीतली.

शेवटी उपयोगी पडली ती कँटीनची मुकादम आशालता. नात्याची ना गोत्याची. तिनं त्या तारखेचं हजेरीबुक आणून दिलं. त्यात तिच्याच हातानं लिहिलेलं होतं : कोळवणची जीप उलटली, पाच उशिरा, एक दवाखान्यात.

पुण्याच्या कोर्टात विमा कंपनीच्या वकिलानं दवाखान्याचा कागद वर धरला.

"बाई, गोठ्यात शेणावरून पाय घसरला, हे तुम्हीच सांगितलं होतं?"

"व्हय."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

नम्रतानं मान खाली घातली. मागच्या बाकावर हैबतराव पुढे सरकला. शेजारी विकी मोबाईल बघत होता.

"तवा," जाईबाई म्हणाली. "त्यातलं शेन तर कुनी सांगितलं बी नव्हतं, माजं मीच घातलं. ह्यो पोरगा वाचावा म्हनून. आज शपथ घेतलीय, म्हनून सांगतीया. जीप चारीत गेली. त्याच्या हातात फोन हुता. आत्ताबी हाय, बघा."

सगळ्यांनी मागे बघितलं. विकीनं मोबाईल मांडीखाली सारला.

वकील आणखी काही विचारणार होता, पण न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. "हात किती उचलता येतो?" त्यांनी विचारलं.

जाईबाईनं उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. कोपर अर्धवट वाकलेलं, बोटं आत वळलेली.

"एवढाच."

न्यायाधीश टायपिस्टला मजकूर सांगू लागले. टायपिस्टचं एक वाक्य चुकलं, त्यानं ते खोडून पुन्हा घेतलं. पंखा घरघरत होता. हात खाली घ्या, असं तिला कोणी म्हटलं नाही. हात भरून आला. डावा हात तिचा मोकळा होता, पण तिनं आधाराला तो लावला नाही. न्यायाधीशसाहेबांचं सांगून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.