डावा काठ

“डावी म्हणजे कोणती गा?” ई-रिक्शा पुलावरच थांबवून नत्थूजींनी ओरडून विचारलं. “इकडून आलो तं ही डावी, तिकडून आलो तं ते डावी! माणसानं जावं कुठून?”

नंदनवनाजवळच्या पुलावर ठेकेदाराने पाटी टांगली होती : नदीसफाईचे काम सुरू, डाव्या काठाचा रस्ता बंद. पाटी टांगणारा मोकळा झाला आणि सकाळी साडेआठला सगळी गर्दी पुलावर अडकली. कोणी हॉर्न वाजवतंय, कोणी ठेकेदाराचा उद्धार करतंय.

जेसीबीवर बसलेल्या माणसाने तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात सारला. “काका, पाणी जिकडं चाललं ना, तिकडं तोंड करून उभे राहा. मंग तुमचा जो डावा हात, तो डावा काठ. डावी नदीची असते, तुमची नाई.”

लोक हसले. नत्थूजीही हसले. मागे दुधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली प्रेमिला तेवढी हसली नाही.

“नत्थूजी, मले इथंच उतरवा,” ती म्हणाली.

“अवं, घर दूर आहे बाई अजून.”

“उतरवा म्हणतो ना!” म्हणत ती उतरलीसुद्धा, आणि चालत नाही, पळत सुटली. त्रेचाळीस वर्षांची बाई, एका हातात दूध, दुसऱ्या हातात चप्पल. लोक बघायला लागले. बघेनात का!

प्रेमिला प्रताप नगरातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काम करायची, आणि ते काम काय हे तिला शेजारणींना कधी धड सांगता आलं नव्हतं. जर्मनीत एका नदीचं खोरं आहे. दोन्ही अंगांना उभे डोंगर आणि डोंगरभर द्राक्षाचे मळे. तिथे लोक हौसेने पायी फिरायला येतात. कोणती वाट उघडी, कोणती बंद, पडक्या किल्ल्याच्या बुरुजाला पायऱ्या किती, डोंगरावर नेणारा पाळणा सोमवारी चालतो का, झुलत्या पुलावर कुत्रं नेता येतं का, हे सगळं एका वेबसाइटवर असतं. ती सांभाळायचं काम या हातातून त्या हातात जात शेवटी नागपुरात येऊन पडलं होतं. पारशिवनी तालुक्यात जन्मून पेंचचा वाघ न पाहिलेली ही बाई तिकडच्या सत्तावीस वाटांवरचे बाक तोंडपाठ म्हणून दाखवायची. आता याला काय म्हणावं?

काल दुपारी तिकडच्या गावातून सूचना आली होती. उद्या सकाळी सहापासून नदीच्या डाव्या काठावरच्या मळ्यांवर हेलिकॉप्टरने औषध फवारणार, वाटा बंद करा. ते उतारच इतके उभे, की पाठीवर पंप घेऊन माणूस चढूच शकत नाही. प्रेमिलाने नकाशा उघडला. पडद्यावर ती नदी वरून खाली वाहते. पडद्याच्या डाव्या हाताच्या वाटांवर तिने लाल पट्टी ओढली आणि चहा प्यायला गेली.

तिच्या गावात पेंच नदीच्या काठांना कोणी डावा-उजवा म्हणतच नाही. हा काठ आणि तो काठ, संपलं. तिला कोण शिकवणार?

नुसती पट्टी चुकली असती तरी एक वेळ भागलं असतं. पण संध्याकाळी एका बाईची चौकशी आली. एल्के नावाची आजी, वय एकाहत्तर, सोबत सहा आणि नऊ वर्षांची नातवंडं. मळ्यांच्या दगडी बांधांवर सकाळच्या उन्हात सरडे येऊन बसतात, ते मुलांना दाखवायचे आहेत, पहाटेच निघणार, कोणती वाट बरी? प्रेमिलाने मोठ्या आपुलकीने कळवलं : या काठावर फवारणी आहे, तुम्ही समोरच्या काठावर जा. आणि मोठ्या रस्त्याने नका, लहान मुलांना चढ लागेल. वरच्या कुंपणाजवळून पायवाट आहे, तिने जा.

पण वरून खाली वाहणाऱ्या नदीचा डावा काठ पडद्यावर उजव्या हाताला येतो. म्हणजे तिने त्यांना नेमकं हेलिकॉप्टरखाली पाठवलं होतं.

तिकडचे सहा म्हणजे आपले साडेनऊ. घरात पाय ठेवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊला दहा कमी होते. वेबसाइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच बदलता यायची आणि ऑफिस उघडायचं अकराला. तिने रजतला फोन लावला. रजत तिचा टीम लीडर, सत्तावीस वर्षांचा, तिच्या पुतण्याएवढा, पण ऑफिसात त्याला सर म्हणायचं.

सगळं ऐकून रजत म्हणाला, “टेन्शन काहून घेऊन राहिल्या मॅडम? तिथं रस्त्यावर झेंडी घेऊन माणसं उभी राहतात. जर्मनी आहे ते.”

“मोठ्या रस्त्यावर राहतात सर. मी त्याईले वरच्या पायवाटेनं पाठवलं. तिथं कोणीच नसते.”

रजत म्हणाला, “तुम्ही अकराले या. चुपचाप बदलून टाकू. परवा क्लायंटचा रिव्ह्यू आहे, माहीत आहे ना?”

“अन् त्या लेकराईचं काय?”

“देखो मॅडम, फोन-बिन बिलकुल करायचा नाई. ते लोक समजते आपण तिथंच गावात बसलो आहे. नागपूरचा नंबर गेला तं कॉन्ट्रॅक्टच जाईन. मंग मी बी तुम्हाले वाचवू शकत नाई.” आणि जरा नरमून तो म्हणाला, “काही नाई होत. खरंच.”

फोन ठेवला तरी प्रेमिला तशीच उभी. काही नाई होत! सांगायला काय जातं?

आतल्या खोलीत खाटेवर तिचे वडील धोंडबा बसले होते, खिडकीकडे तोंड करून. त्यांना उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. सात वर्षांपूर्वी ते गावी दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, धुऱ्याच्या बांधावरचं गवत कापत होते. वाऱ्याच्या अंगाने मालकाची माणसं फवारत आली. वाकलेला म्हातारा त्यांना दिसला नसेल किंवा दिसलाही असेल, देव जाणे. धोंडबा अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होते. जीव वाचला, डोळे गेले. मालक भेटायला आला होता, केळी घेऊन. काही होणार नाही असं त्याला वाटलं होतं म्हणे. तेव्हापासून प्रेमिलाने बापाला नंदनवनात आणून ठेवलं होतं, आणि आता खोलीचं भाडं, डोळ्यांत घालायचे थेंब, गॅस, सगळं त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीवर चालत होतं. ही नोकरी गेली तर या वयात तिला दुसरी कोण देणार होतं? तिला भीती वाटत होती. खोटं कशाला बोला, तिला आधी नोकरीचीच भीती वाटली.

पण तिने पर्समधून वही काढली. अडलेले जर्मन शब्द ती घरी आणून शोधायची. काल सरड्याचा शब्द अडला म्हणून तिने आजीची अख्खी चौकशी उतरवून घेतली होती, खाली मोबाइल नंबरासकट.

व्हॉट्सअ‍ॅपवरून तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

नऊ वाजून पाच. पुन्हा लावला. दोनदा वाजला आणि तिकडून कापला. अनोळखी नंबर, तोही परदेशातला; तिनेही कापलाच असता. मग तिने मेसेज टाकला. वाट बंद आहे, जाऊ नका. मेसेज पोचला, पण कोणी वाचेना. म्हातारी गाडी चालवत असेल. मागे मुलं झोपली असतील. की पोचलीच असेल? कुंपणाजवळ गाडी लावून चढायला लागली असेल? प्रेमिला खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. दूध गॅसवर ठेवलं होतं ते उतू गेलं, तिने नुसता गॅस बंद केला.

“काय झालं वं माय?” धोंडबांनी विचारलं. “मघापासून नुसती फिरून राहिली.”

“काही नाई बाबा. ऑफिसचं काम होय.”

नऊ वाजून बावीस मिनिटं. तिसऱ्यांदा लावला. स्पीकर सुरू केला, कारण एक हात वहीची पानं उलटायला हवा होता. आणि तिकडून दम लागलेला बायकी आवाज आला. मागे पोरांचं हसणं, खडीवर वाजणारे बूट. म्हणजे चढायला लागले होते.

जर्मनमध्ये प्रेमिलाला भांडता येत नव्हतं, रडता येत नव्हतं, स्वतःची ओळखही धड करून देता येत नव्हती. पण वाट बंद आहे हे सांगता येत होतं; चार वर्षं ती तेवढंच शिकली होती.

“वाट बंद आहे,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “मागे फिरा. कृपा करून.”

“कोण बोलतंय?”

“प्रेमिला. नागपूरहून. भारत.”

आजीचा आवाज थंड झाला. “मला काही विकत घ्यायचं नाही.”

“नाही, नाही! काल मी लिहिलं तुम्हाला. मी चुकले. ती वाट बंद.”

“वाट उघडी आहे असं गावातल्या ऑफिसने कळवलंय. तुम्ही लोक माझा नंबर कुठून मिळवता?”

फवारणीचा शब्द! काल तिने स्वतः वाचला होता, स्वतः लिहिला होता. आता काही केल्या आठवेना. वहीचं पान सापडेना. आजी म्हणाली, मी फोन ठेवते. आणि तेवढ्यात तिकडून, मुलांच्या हसण्याच्या मागून, घरघर ऐकू आली. साडेनऊही व्हायचे होते. लांबून, बारीक, मग वाढत जाणारी.

धोंडबांनी खाटेवरून मान वळवली. “हे काय होय? पंप होय का?”

“हाव बाबा. फवाऱ्याचाच होय. मोठा.”

“अन् हे लेकरं कोणाची हासून राहिली?”

“तिथंच आहेत बाबा, त्याच्याखाली. ते बाई माह्यं ऐकूनच नाई राहिली.” प्रेमिलाला रडू फुटलं.

धोंडबा उठले. भिंतीचा आधार घेत, मोरीचा हंडा लाथाडत ते आवाजाच्या दिशेने आले आणि मुलीच्या हातातल्या फोनवर वाकले.

“हटा!” ते ओरडले. “ए लेकरं हो! हटा तिथून! मांगं फिरा! फवारा येऊन राहिला! तोंड झाका, तोंड झाका अन् पळा! ए माय, ने वं त्याईले! पळा!”

असा आवाज प्रेमिलाने बापाचा जन्मात ऐकला नव्हता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, पांढुरके डोळे वाहत होते. समोरच्या घरातली शोभाताई दारात धावत आली, “काय झालं वं, काय झालं?” करत. धोंडबा थांबेनात. हटा, पळा, तोंड झाका.

तिकडे हसणं थांबलं होतं. म्हाताऱ्याच्या बोलण्यातला एक शब्द त्यांना कळला नसेल. पण आजीचा आवाज आला, आता फोनकडे नाही, मुलांकडे; मोठा आणि घाबरलेला. मुलांनो, मागे! मागे! मग खडीवर धावणारे बूट, कोणीतरी लहान रडतंय, गाडीचं दार, दुसरं दार. मग त्या घरघरीत बाकी काहीच ऐकू येईना आणि फोन बंद झाला.

“बंद झाला बाबा.”

“गाडीत गेले का?”

“दार लावलं त्याईनं. ऐकू आलं मले.”

शोभाताईने म्हाताऱ्याला पाणी दिलं आणि धरून खाटेवर बसवलं. काय झालं ते तिला समजावत बसायला प्रेमिलाच्या अंगात त्राण नव्हतं.

सव्वादहाला ती डबा भरून, केस विंचरून दारात चप्पल घालत होती तेव्हा रजतचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही फोन केला त्या बाईले?”

“केला.”

“तिनं आभाराचं पत्र पाठवलं. आपल्याले अन् गावच्या ऑफिसले बी. तुमचं नाव आहे, नागपूरचं नाव आहे. तुमच्यासंग कोणी म्हातारा ओरडत होता म्हणते, त्याचे बी आभार मानले.” त्याचा आवाज रडवेला झाला होता. “दोघं लेकरं ठीक आहेत म्हणते. थोडं डोळ्याले चुरचुरलं, बस. आता क्लायंटले मी काय सांगू, सांगा?”

“खरं सांगा सर. चूक माही होती, फोन बी मीच केला.”

“आज नका येऊ तुम्ही. पुढचं मी... पुढचं मी कळवतो.”

पुढचं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. प्रेमिलाने चप्पल काढली. खाटेजवळ जमिनीवर बसून तिने डबा उघडला. पोळ्या, वांग्याची भाजी, कांदा. एका ताटलीत बापाला वाढलं आणि घास कुठे आहे ते त्यांच्या बोटांना लावून दिलं.

“ऑफिसात नाई जात का वं?”

“नाई बाबा.”

धोंडबा थोडा वेळ चावत राहिले. आवाज बसला होता, शब्द घोगरे येत होते.

“लेकरं वाचली ना पण?”

“वाचली.”

“मंग जेव,” धोंडबा म्हणाले, आणि ताटली तिच्याकडे सरकवली.