सावळीरामच्या हक्काच्या शिव्या

घोटीच्या टॉकीजमध्ये सावळीराम सव्वीस वर्षं ऑपरेटर होता. सिनेमा मध्येच तुटला की अंधारातून आरोळी उठायची, "ए सावळ्या, झोपलास का?" मग आईबापाचा उद्धार व्हायचा. सावळीराम केबिनच्या झरोक्यातून हात बाहेर काढून थांबा म्हणायचा, फिल्मची टोकं ब्लेडने खरवडून चिकटवायचा आणि मिनिटाभरात पडदा पुन्हा बोलू लागायचा. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये अंगाचं पाणी व्हायचं. टेबलफॅन मागून मागून तो थकला होता.

२००७ साली मालक किशोरशेठांनी डिजिटल यंत्र बसवलं. सिनेमा आता छपरावरच्या डिशच्या छत्रीतून येणार होता. यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून पहिल्याच दिवशी केबिनला एसी लागला. नारळ फुटल्यावर सावळीरामने कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं, "साहेब, हे मधीच अडलं तर?"

"अडत नाही. फक्त बटण दाबायचं. ते शेठही दाबतील."

शेठ बटण दाबू लागले आणि सावळीराम सायकल स्टँडवर गेला. बायको चांगुणा म्हणाली, "बरं झालं, सुटलात." त्याला मात्र सुटल्यासारखं वाटेना.

तीन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, दुपारच्या खेळाला टॉकीज गच्च भरलेलं. नायकाच्या भावावर पिस्तूल रोखलं गेलं आणि चित्र तिथेच गोठलं. शेठांनी होती नव्हती ती सगळी बटणं दाबली. मग मुंबईला फोन लावला. मराठीसाठी दोन, तक्रारीसाठी चार. अखेर एक बाई बोलली, "सर, आमच्याकडे तुमचा सिनेमा चालू दिसतोय."

"अहो बाई, बंद पडलाय."

"हिरवा दिवा आहे, सर. चालू सिनेमाची तक्रार घेता येत नाही."

आत लोक खुर्च्या बडवू लागले. कोणीतरी सवयीने ओरडलं, "सावळ्या!" बघता बघता अख्खं टॉकीज सावळ्याला शिव्या देऊ लागलं. भिंतीपलीकडे सायकलींत बसलेल्या सावळीरामने त्या ऐकल्या आणि त्याची पाठ आपोआप ताठ झाली. तो आत आला आणि पडद्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"मशीनला बरं नाय. जरा दम धरा."

गोंधळ निवळला. पुढच्या रांगेतली तानुबाई म्हणाली, "माझी गाडी जाईल रं. त्या भावाचं काय झालं तेवढं सांग."

सावळीरामने हा सिनेमा पाहिला नव्हता, भिंतीपलीकडून ऐकला होता. ऐकला तसा त्याने सांगितला. गोळी सुटते, भाऊ जातो, आई रडते. आईचं रडणं त्याने असं काढलं की तानुबाईने पदर डोळ्याला लावला.

अर्ध्या तासाने यंत्र आपोआप सुरू झालं. पडद्यावर गोळी हवेत गेली, भाऊ वाचला, आई आनंदाने रडली. "हे खोटं हाय," मागून कोणीतरी म्हणालं. बऱ्याच माना डोलल्या.

दुसऱ्या दिवशी शेठांनी सावळीरामला पुन्हा केबिनमध्ये बसवलं. महिन्याने इंजिनिअर तपासणीला आला. "याचं इथे काय काम?"

"शिव्या खायचं," शेठ म्हणाले. "तुमच्या यंत्राला त्या कळत नाहीत."

इंजिनिअरने छापील अर्जात तसा रकाना शोधला. सापडेना, तेव्हा त्याने 'सुटे भाग' या रकान्यात सावळीरामचं नाव लिहिलं. सावळीरामने ते वाचलं, आडनाव चुकलं होतं तेवढं दुरुस्त करून घेतलं आणि खाली सही केली.