राहिलेलं पांढरं

दिवाणखान्यातलं जुनं घड्याळ भंगारात गेलं आणि भिंतीवर खिळा तेवढा उरला. त्या खिळ्यावर दोघांचा डोळा होता. एक घरचे यजमान, दातांचे डॉक्टर. दुसरा त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ, ज्याला सगळे कर्नल म्हणत. कर्नलची सारी नोकरी विम्यात गेली होती, पण मिशा सैन्यातल्या होत्या. तासातासाला गाणं म्हणणारं एक घड्याळ त्याने बहिणीसाठी घेऊन ठेवलं होतं.

"दादा रविवारी ते घेऊन येतोय," बायकोने सांगितलं. "त्याच्या आत तुमचं एखादं चित्र भिंतीला लावण्याजोगं झालं तर खिळा तुमचा. नाहीतर गाणी ऐका."

डॉक्टरांना पन्नाशी उलटल्यावर जलरंगांचा नाद लागला होता. नाद कुठल्या वयात लागावा याला काही नियम नाही, पण घरच्यांना त्यापेक्षा गुडघेदुखी परवडली असती. शिकवायला त्यांच्याच एक पेशंट होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. त्यांचा पहिला धडा अगदी सोपा होता.

"यात पांढरा रंग वापरायचा नाही. पांढरा म्हणजे कागद. जिथे चमक हवी तिथे कागद सोडायचा. झालं."

डॉक्टरांचं घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. पोकळी दिसली की भरायची, यावर त्यांचा उभा संसार चाललेला. खिडकीतली किटली ते छान रेखायचे, निळी सावलीही जमायची. पण किटलीच्या पोटावर सोडलेला पांढरा ठिपका काही केल्या बघवायचा नाही. हात आपोआप पुढे व्हायचा. ठिपका भरला जायचा, ओल्या रंगाचा चिखल व्हायचा, आणि चिखल निस्तरायला डॉक्टर आणखी पाणी घालायचे.

"बाबा, ही किटली आहे की अक्कलदाढ?" मुलीने विचारलं.

"पण बसवलीय पक्की," बायको म्हणाली. "वर्षानुवर्षं निघायची नाही."

बाईंनी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "डॉक्टर, तुम्हाला सोडवत नाही."

"हाताची सवय आहे हो."

"मग तुम्ही आम्हाला सांगता ना, तसं करा. बोळा चावून गप्प बसा."

रविवारी सकाळी शेवटची किटली झाली. सावली बेताने पसरली, कड सुटली नाही, चमक मोकळी राहिली. डॉक्टरांनी ब्रश रंगात बुडवला आणि नेमका ठिपक्यावर आणला. तेवढ्यात दारात कर्नल उभा. एका हातात घड्याळ, दुसरा हात गालावर.

"रात्रभर ठणकतंय. आधी हे बघा, घड्याळाचं मागाहून."

दवाखाना घराच्या खालीच होता. डॉक्टर ब्रश ठेवून उठले. कर्नलच्या दाढेत चांगला बोगदा निघाला. तो त्यांनी इतक्या मायेने भरला की एवढी माया सासरच्या माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही.

वर आले तोवर किटली वाळली होती. डॉक्टर दारातच थबकले. पत्रा पत्र्यासारखा दिसत होता आणि त्याच्यावर खरोखर ऊन पडलं होतं. ते खुर्चीत बसले आणि ब्रश शोधू लागले. ब्रश नव्हता. रंगाच्या पाण्याचा पेलाही नव्हता. बायको आत नळाखाली काहीतरी खळखळून धूत होती.

"झालं का?" तिने तिथूनच विचारलं.

"थोडं राहिलंय."

"मग राहू दे."

मुलीचं पोहण्याचं प्रशस्तिपत्र तिने चौकटीतून काढलं, किटली त्यात बसवली आणि खिळ्यावर टांगली. कर्नल बधिर तोंडाने जवळ गेला, मान तिरकी केली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

"डॉक्टल, इथं लंग लाहिला."

डॉक्टरांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ती नुसती हात पुसत होती.

"राहिला नाही," डॉक्टर म्हणाले. "सोडलाय."

घड्याळ आता खाली दवाखान्यात आहे. तासातासाला गातं. खुर्चीतल्या माणसाला त्यावर काहीतरी म्हणायचं असतं, पण त्याचं तोंड तेव्हा उघडं असतं.