दोन बोटं जास्त

मिनिटाला साठ फेरे.

धानोऱ्याकडच्या रानात, मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून झाडाखाली पेटवलेला पाचोळा.

लेथवर कातलेलं पोलादी पातं.

नखाएवढी कातडी.

यांची गाठ पडली ती चंद्रपुरातल्या एका प्रयोगशाळेत, पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात. पाचोळ्याची आग धुरपताच्या लुगड्याला लागून तिच्या मांड्या भाजल्या. तिच्या चांगल्या कातडीचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी साबुदाण्याहून बारीक मण्यांवर वाढवायच्या आणि नवी कातडी करून तिलाच लावायची, हे तिथल्या दिव्यानीचं काम. लहान बाटलीत पेशी झकास वाढल्या. मोठ्या भांड्यात दोन दिवसांत मेल्या. आता गोठवलेल्या पेशींची एकच कुपी उरली होती.

का मेल्या ते दिव्यानीला कळलं होतं. वडिलांना सांगवत नव्हतं.

भांड्यातलं ढवळायचं पातं वेळेवर आलं नाही, तेव्हा वडिलांनी, गुणवंतरावांनीच बल्लारपूरच्या लेथवाल्याकडून ते करून आणलं होतं. बत्तीस वर्षं कागद गिरणीत लगदा ढवळलेला माणूस. आज ते तिचा डबा घेऊन आले आणि पात्याकडे बघत उभे राहिले.

"किती फेऱ्यावर चालवलं होतं?"

"साठ. भांड्याच्या तक्त्यात होते तेवढे."

"तक्ता लहान पात्याचा. मीच लेथवाल्याले दोन बोटं वाढव म्हनलं. मोठ्या भांड्याले मोठं पातं, असं वाटलं मले." ते स्टुलावर बसले. "टोक किती जोरानं फिरलं असन, पेशी फाटल्याच असतीन!"

"मोजायचं काम माझं होतं, बाबा."

"मोजलं काऊन नाई मंग?"

"तुम्ही आणलं म्हणून."

गुणवंतराव चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "कोरे मणी हायेत का?"

बिनपेशीचे मणी भांड्यात सोडले. दिव्यानीनं वीस फेऱ्यांपासून सुरुवात केली. ते तळाशी टॉर्च धरून उकिडवे बसले.

"बसून राह्यले... वाढव. अजून. थांब! उठले सारे. आता एक फेरा जास्त नाई. लगद्याचंही असंच, तळ सुटला का बस."

चौतीस. तिनं टोकाचा वेग कागदावर काढला. तक्त्यातल्या पात्यापेक्षा कमीच भरला.

"बत्तीस वर्षं लगदा ढवळला," ते म्हणाले, "अन् आता बाई ढवळून राह्यलो."

"बाबा!"

"धुरपताबाईले नको सांगू. अन् हेही नाई जमलं तर?"

"पुन्हा तुकडा मागावा लागेल. ती देईल का, माहीत नाही."

कुपीतल्या पेशी आधी बाटलीत वाढवल्या आणि आठ दिवसांनी भांड्यात सोडल्या. गुणवंतराव त्या दिवशीही आले, डबा न आणता.

"कधी समजन?"

"परवा."

दोघं काचेतले फिरणारे मणी बघत राहिले.

धुरपताच्या मांड्यांवर नवी कातडी अकरा जूनला लावली. सात ठिकाणी धरली, एका ठिकाणी नाही.