करंगळीएवढी जागा

चैत्राचे ऊन खाडीवर उतरले होते. पिवळे, पातळ, पाण्याला टेकताच रुपेरी होणारे. काठावरच्या सातविणीवर काकणाचे घरटे रिकामे होते. काकण म्हणजे समुद्रगरुड: शुभ्रवक्ष, राखपंखी, लाटांवर सावली ओढीत जाणारा.

घरट्यातले तपकिरी पिलू दक्षिणेला निघून गेले होते. त्याच्या पाठीवर पक्षी-अभ्यासक अप्पांनी छातीभोवतीच्या पट्ट्याने बांधलेले यंत्र होते. काडेपेटीएवढे, उन्हावर जगणारे, उपग्रहाला आपला ठाव सांगणारे. अप्पा फाल्गुनात गेले. मागे उरला नकाशावरचा एक लाल ठिपका, आणि तो रोज पाहणारी त्यांची मुलगी, वैजयंती.

ठिपक्याने जयगड ओलांडला, देवगड ओलांडला. मग तो विझला.

त्यानंतर अकराव्या दिवशी संशोधन कार्यालयातून साळगावकरांचा फोन आला. "ताई, पट्टा सैल होता. पंख अडकला असणार. अप्पांचा हात थरथरायचा हो शेवटी. 'मृत' लिहून नोंद बंद करू ना?"

स्पीकरवरचे बोलणे ऐकून अंगणात नारळ सोलणारा, माडांवर चढून नारळ पाडणारा धाकू पाडेली ताडकन उठला. यंत्र बांधायला सातविणीवरून पिलू पिशवीत घालून त्यानेच खाली आणले होते. "सांग त्येला, बाय! अप्पांनी पट्ट्यात करंगळी घालून जागा ठेवलानी. म्हणाले, उडाय लागला की छाती भरंल त्येची. हात थरथरतो म्हणं! आधी झाडावर चढून दाखव म्हणावं!"

वैजयंती किती दिवसांनी हसली. मग तिचा आवाज खडकासारखा स्थिर झाला.

"मृत्यू मी पाहिला आहे, साळगावकर. हातात हात घेऊन पाहिला आहे. पीस हाती आल्याशिवाय अप्पा 'मृत' लिहीत नसत. मीही लिहिणार नाही."

"नियम दहा दिवसांचा आहे, ताई."

"मग अकरावा माझ्या नावावर लिहा. आणि पुढचेही."

ऊन आले, ऊन गेले. नकाशा निळा, निव्वळ निळा. तिने तो मिटला नाही.

सतराव्या दिवशी, ऐन दुपारी, दूर दक्षिणेच्या समुद्रावर वारा उसळला. यंत्रावर वाढून पसरलेली तपकिरी पिसे त्याने विस्कटली, आणि झाकल्या काचेला सूर्य लागला.

ठिपका पेटला. लाल, एकटा, किनाऱ्यापासून दूर.

तिथे, निळ्यावर निळे पसरले होते तिथे, भरल्या छातीचा एक पक्षी वाऱ्यावर रेलला होता. आणि पट्टा न् छाती यांच्यामधून, अप्पांच्या करंगळीने राखलेल्या जागेतून, समुद्राचा वारा वाहत होता.