बंदरावरचा गोठा

"साबे, भंते आले. भात वाढ लवकर."

"तुम्हीच वाढा की, अफे. डाव तुमच्याच हातात आहे."

"शाळेत मुलींना गप्प बसवतेस आणि घरी बापाशी हुज्जत घालतेस होय? धर हा."

वडिलांनी डाव तिच्या हातात दिला आणि ते दाराआड झाले. पहाटे उठून भात तेच रांधत. भिक्षापात्रात वाढायचा मात्र साबेने. पुण्य लेकीला लागावं म्हणून, असं ते सांगत. खरं कारण ब्रह्मदेशातल्या मौलमेन बंदराच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचे वडील फो तिन बंदरावरच्या सरकारी गोठ्यात गुरं तपासायचे. आगबोटीवर चढण्याआधी प्रत्येक बैलाच्या तोंडात हात घालून हिरड्या बघायच्या. धडधाकट असेल तो पुढे. बुळकांडीचा साथीचा रोग लागलेल्याला गोळी घालायची आणि चुन्याच्या खड्ड्यात पुरायचं. बुद्धाचं नाव घेणाऱ्या गावात हे काम दुसरं कोणी पत्करलं नव्हतं.

"आज बोट आहे?" साबेने विचारलं.

"आहे. आणि बा लून गाडीवानाची जोडी काल गोठ्यात आणलीय. डोळ्यांना पाणी सुटलंय." चपलेत पाय घालता घालता ते थांबले. "पुढच्या जन्मी मी बैलच होणार बहुतेक. तपासणारा तरी हलक्या हाताचा मिळो."

ते हसले, म्हणून तीही हसली. या थट्टेवर काहीतरी बोलायला हवं होतं. वर्षानुवर्षं हवं होतं. ती म्हणाली, "छत्री न्या. ऊन आहे."

दुपारी त्यांनी बा लूनचे दोन्ही बैल मारले आणि ते खांबाला टेकून बसले. दमले असतील म्हणून मजुरांनी हाक मारली नाही. खड्डा बुजवून झाल्यावर एकाने खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

सातव्या दिवशी घर माणसांनी भरलं. गेलेल्याचा जीव तोवर घरातच घुटमळत असतो. त्या दिवशी पाणी सोडून पुण्याचा वाटा त्याला द्यायचा आणि निरोप द्यायचा. बा लूनही आला होता, पण वर न येता जिन्याच्या पायरीवरच बसला होता.

दूरच्या विहारातून आलेल्या थोरल्या भंतेंनी विचारलं, "काय काम करत असत?"

"कारकून होता माझा भाऊ," आत्या घाईने म्हणाली. "बंदरावर. लिहिण्याबिहिण्याचं काम."

कोणी मान वर केली नाही. पायरीवरून बा लून पुटपुटला, "कारकून म्हणे!"

"बा लून, आज तरी तोंड आवर," आत्या दबक्या आवाजात म्हणाली. मग साबेला कोपराने ढोसलं. "तू पाणी सोड, पोरी."

साबेने सुरई उचलली. पण ती भंतेंकडे बघत नव्हती, आत्याकडेही नाही. माजघराच्या रिकाम्या दाराकडे तोंड करून, वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली,

"अफे, ऐकताय ना? तुम्ही बैल मारलेत. बा लूनकाकांचेही मारलेत. गावातले बाकीचे बैल त्यामुळे जगले. तरीही ते पाप असेल, तर मी त्यावरच वाढलेय, शिकलेय. सगळं एकट्याने नेऊ नका. निम्मं माझ्याकडे ठेवून जा."